एका किल्लीचे अकरा मेय्यप्पन

कारैकुडी, रविवार

ती. मामांच्या चरणी अळगूचा दंडवत. घालून झाल्यावरही मी उठलेलो नाही असं समजावं. गुडघा कसा आहे? मामींनी माझं नाव टाकलं नसेल अशी आशा आहे.

वळ्ळीचं लग्न आठ दिवसांवर आलं आणि नवरीच्या सख्ख्या मामाला पत्रिका नाही! तुम्ही रागावलात ते बरोबरच. मामानं हार घातल्याशिवाय मी जागची हलणार नाही, असं वळ्ळीनं जाहीर केलंय आणि आईनं जेवण टाकलंय. पण मामा, चूक सापडली! (नाचावंसं वाटतंय. आई समोर आहे म्हणून बसून लिहितोय.)

झालं असं. मी चेन्नईत प्रोग्रॅमच तर लिहितो, म्हणून मोठ्या ऐटीत सगळे नातेवाईक एका अ‍ॅरेत, म्हणजे प्रोग्रॅममधल्या यादीत, भरले. माणसाचं नाव ही किल्ली, तिच्यामागे त्याचं घर. चारशे बारा घरं घातली, सत्त्याण्णव बाहेर आली. अप्पा खूश! म्हणाले, ‘‘बघा, कॉम्प्युटर किती नेटका. आम्ही उगाच उन्हातान्हात चारशे उंबरे झिजवत होतो.’’ आता आपल्यात नातवाला आजोबांचं नाव. चार भाऊ असले की चौघांचे थोरले एकाच नावाचे. एकट्या मेय्यप्पन या किल्लीला अकरा जण! आणि अ‍ॅरेला एका किल्लीला एकच माणूस ठाऊक. दुसरा आला की पहिल्याला उठवून त्याच्या पानावर बसतो, आणि कुणी हूं की चूं करत नाही. तुम्ही तिसरे होता. अकरावे, म्हणजे शेवटी पानावर टिकलेले, निघाले आमचे शेजारी, ज्यांच्याशी अप्पा भिंतीच्या वादावरून बारा वर्षं बोलत नाहीत. पत्रिका बघून ते ढसाढसा रडले, अप्पांच्या गळ्यात पडले आणि आता रोज सकाळी मांडवाच्या बांबूंवर देखरेख करायला येतात. (ते गेले की अप्पा माझ्याकडे वळतात.)

मग मी किल्लीला बापाचं नाव जोडलं. मोठा शहाणा! पळनियप्पनचा मेय्यप्पन म्हणजे आजोबाही तेच आणि नातूही तोच. सहा महिन्यांच्या तान्ह्यानं पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला उठवलं. तेव्हा आजी, म्हणजे तुमच्या मातोश्री, पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, ‘‘अरे बावळटा, तुझ्या यंत्राला माणसं ओळखू येत नाहीत, मला विचार की!’’ आणि अकराच्या अकरा घडाघडा वेगळे करून दिले. रंगूनवाला, घोरणारा, दोनदा पायसम मागणारा. चारशे बारा घरं, एक टोपणनाव दोनदा नाही! तीच किल्ली केली. शिवाय एखादी किल्ली पुन्हा आलीच, तर प्रोग्रॅमनं तिथल्या तिथं थांबून बोंब मारायची, अशी सोय केली. मामा, चारशे बारा घातले, चारशे बारा आले! मी इतका ओरडलो की आचारी झारा घेऊन धावत आला.

अप्पा आणि आई मंगळवारी तुमची पत्रिका घेऊन स्वतः निघताहेत. राग त्याआधी सोडावा.

आपला भाचा,
अळगप्पन

ता. क. पाकिटांवरची नावंही प्रोग्रॅमनंच छापली. किल्लीवरून. हे पत्रिका बाकीच्या चारशे अकरा घरांत पोचल्यावर लक्षात आलं. घोरणारे मेय्यप्पन काल येऊन गेले. त्यांच्याबद्दल नंतर बोलू.

ता. ता. क. पत्रिका हातात आली की पाकीट उलटं धरून फोडावं, एवढीच खरी विनंती. वर ‘श्री. रुसका मेय्यप्पन’ असं छापलंय. बदलू का म्हणून आजीला विचारलं. म्हणाली, तो मांडवात दिसला की मी माझ्या हातानं खोडीन, आणि नाही आला तर छपाई बरोबरच आहे.