अवतरणचिन्हांतली कादंबरी

मंगळवार, वाशी. संध्याकाळ.

आज बारावीचे निबंध तपासताना सायलीच्या निबंधापाशी अडले. वर्षभर घसा फोडून शिकवलं: कादंबरीच्या नावाखाली रेघ, कथेचं नाव अवतरणचिन्हांत. या मुलीने माझीच कादंबरी निवडली आणि नाव घातलं अवतरणचिन्हांत! त्यावर लाल गोल केला आणि तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"अगं, ही कादंबरी आहे. रेघ कुठाय?"

"कादंबरी? मॅडम, लायब्ररीत एवढीच पानं होती." तिने प्रत पुढे केली. खाडीच्या दमट हवेने शिवण सुटलेली, पहिलं प्रकरण तेवढं उरलेलं. "मला कथाच वाटली. शेवट कसला भारी केलाय तुम्ही!"

शेवट? तिथे तर नुसती सुरुवात होते. पुढचं लिहायला किती वर्षं घातली, नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन. ती पानं गेल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही.

घरी येऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं. खरंच संपतं तिथे. छान संपतं. मग पुढे मी काय लिहीत बसले होते?

अवतरणचिन्हांभोवतीच्या लाल गोलावर व्हाइटनर लावला. पैकीच्या पैकी मार्क दिले.