सासऱ्यांस जळजळीत पत्र

वाशीम, ३ मे १९३४.
परत आलो. एकटाच. अधिक महिन्याचे जेवण म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे केनवडच्या पुंजाजींनी, दोन्ही जावयांना बोलावले आणि अनारसे आधी इंद्रभानच्या ताटात वाढले गेले! इंद्रभान माझा साडू. धाकटा जावई, शेती करतो. मी थोरला, शिवाय कोर्टात कॉपीइस्ट. सासूबाईंनी स्वतः वाढले, सगळ्यांदेखत. मी तसाच पानावरून उठलो. हात धुतला, टोपी घातली. विजयमालेला म्हणालो, तू इथेच राहा. ती म्हणाली, "काहून?" बायकोच्या असल्या 'का'ला उत्तर देऊ नये.
जावई रुसला की सासरच्यांनी येऊन रुसवा काढावा, ही रीत आहे. दोन दिवसांत येतील.

७ मे, सकाळ.
कोणी आले नाही. मी रुसलो हे त्यांना कळलेच नसावे. चेहरा फार सभ्य, हा माझा दोष. पत्र लिहितो. कोर्टाला व्हेकेशन आहे. बारा वर्षे लोकांच्या भांडणांच्या नकला केल्या, संतापाची भाषा हातात मुरली आहे. निश्चय: एक पान, एकदम स्ट्राँग. संध्याकाळच्या आत पोस्टात.

७ मे, संध्याकाळ.
'मी रागावलो आहे.' फार किरकोळ वाटते. शेजारची रामीबाई शेळीवरसुद्धा रागावते. 'संतप्त' वर्तमानपत्रातला जमाव असतो. 'खवळलो' हे समुद्राने म्हणावे. 'तापलो' लिहिले तर ते काढा पाठवतील. उद्या ताज्या डोक्याने.

८ मे.
रागाचा रंग ठरेना. लाल सगळेच लिहितात. आरशासमोर उभा राहून रागावून पाहिले. नाकपुड्या फुगत नाहीत. बराच जोर लावला तेव्हा शिंक आली. तेवढ्यात भाकरी करपली. आजही केळी.

९ मे.
फायनल! 'माझ्या अंतःकरणात धगधगीत, लवलवता, ज्वालामुखीसदृश व दंतोष्ठचर्वक कोप उसळला आहे.' शेवटचे विशेषण मी स्वतः घडवले. दात-ओठ खाणारा, या अर्थी. अशी एकूण दोन पाने. पोस्टात टाकली.
अनारशाचा उल्लेख केला नाही. ज्वालामुखीशेजारी अनारसा आला की इफेक्ट जातो. समजणाऱ्याने समजावे. पुंजाजींना वाचता येत नाही, विजयमाला वाचून दाखवील. वाचायला तिला मीच शिकवले. ज्वालामुखीपर्यंत ती रडू लागेल अशी रचना आहे.

१७ मे.
उत्तर नाही. म्हणजे घाबरले. घाबरलेली माणसे घराबाहेर पडत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. दुसरे पत्र टाकले. यात 'प्रलयकालीन' आहे.
घर फार शांत वाटते. त्यावर लिहीत नाही, वेळ नाही.

२४ मे.
इंद्रभान आला. बियाणे घ्यायला वाशीमला आला होता. दारातूनच म्हणाला, "साडभाऊ, लय जबर लिवता तुमी!" केनवडची डाक बाजाराच्या दिवशी वाटतात. त्यामुळे पत्र येते तेव्हा अंगणात बाजारचे लोक जमतात आणि विजयमाला ओट्यावरून वाचते. दंतोष्ठचर्वक लोकांनी पुन्हा वाचायला लावले म्हणे. सासरे विचारतात, पुढचे कधी?
मी विचारले, माझा राग पोचला का? तो म्हणाला, "कोनाचा राग? आमाले वाटलं, जवाई कोर्टात काय लिवते त्याचा नमुना धाडून राह्यले."
विजयमाला काय म्हणते? "काई नाई. वाचते, अन् घडी करून ठिवते."
अडाणी लोक. (पुन्हा वाचायला लावले ही गोष्ट मात्र खरी असावी.) आता समक्ष जाऊन संतापतो.

केनवड, ३१ मे.
बाजाराचा दिवस. अंगण भरलेले. नवे पत्र नसल्यामुळे विजयमाला जुनेच वाचत होती. काय आवाज! प्रलयकालीनला माझ्याच अंगावर काटा आला. लोकांनी सरकून मला जागा दिली. वाचून झाले तशी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "इतकं समदं लिवलं, पन काहून रागावले ते कुठीच नाई लिवलं."
पुंजाजी हात जोडून म्हणाले, "हो ना जवाईबापू, आमचं काय चुकलं?" म्हाताऱ्याचे डोळे खरेच भरले होते. सगळे अंगण माझ्याकडे पाहू लागले. इतके शब्द जवळ होते, एक कामाला येईना. म्हणालो, अनारसे. इंद्रभानला आधी.
कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. सासूबाई हळूच म्हणाल्या, "पयला घाना इस्कटला होता, बापू. तो इंद्रभानले वाढला. चांगले तुमच्यासाठी काढून राह्यली होती, तं तुमी उठूनच गेले."
इंद्रभान म्हणाला, "मले इस्कटलेले?" आता तो रुसला आहे.
मग विजयमाला एकटी भेटली. म्हणाली, "तुमी मले 'राहा' म्हनून गेले. महिनाभर मी विचार करून राह्यली, माह्याच हातून काय झालं. इतके शब्द धाडले, त्यात माह्यासाठी एक नव्हता." मला फार वाईट वाटले. हे कुठे लिहावे कळले नाही, म्हणून इथे लिहितो.
येते म्हणाली. पण एक अट: पुढे राग आला की तोंडाने सांगायचे, त्याच वेळी. वचन दिले.

वाशीम, २ जून.
पोचलो. सासऱ्यांच्या गाडीने आलो. गाडीवान भाऊसिंगने पुढे बांबूच्या तट्ट्याच्या सावलीत विजयमालेला बसवले आणि मला मागे उघड्यावर, सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर. कोर्टातला माणूस! ऊन असे की कान सोलले. संताप आला. वचन आठवले. तोंड उघडले. तेवढ्यात तिनेच वळून विचारले, "काय झालं?"
म्हणालो, काही नाही. इथे हवा छान लागते.