तळहाताने तपासलेलं इंजिन

मंगळवार, संध्याकाळ

घाटकोपरच्या गॅरेजमधून आले, डोकं अजून तापलेलंच आहे. निखिलची ती कौतुकाची टर्बो गाडी आठवडाभर पांढरा धूर सोडत होती आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, गेलंय, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आई, तुझी फॅक्टरी वेगळी, गाडी वेगळी," म्हणे. फॅक्टरीत जन्मभर यंत्रंच तपासली मी; पण मुलगा आहे, म्हणून ऐकून घेतलं.

आज हेड उतरवलं, तर गॅस्केट जळालेलंच निघालं. दिनेश मेकॅनिकने हेडवर तळहात फिरवला. "एकदम सपाट आहे साहेब, नवीन गॅस्केट टाकतो." तळहात! इंजिन आहे की भाकरी? मी पर्समधली स्टीलची पट्टी हेडवर उभी धरली, मागे मोबाइलचा टॉर्च लावला. मधोमध पट्टीखालून उजेड आरपार. असं वाकलेलं हेड बसवलं असतं, तर नवं गॅस्केटही जळालं असतं, तेही हायवेवर, गाडीत माझी नात असताना. आणि हा तळहात फिरवतो!

दिनेश निखिलकडे बघून म्हणाला, "बरोबर पकडलंत साहेब. घासून सपाट करून आणतो."

"मला शंका होतीच," निखिल म्हणाला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी अशाला बाकावर उभं केलं असतं.

घरी आल्यावर आठवलं, हा शहाणा दिनेश हेडचे जुनेच ताणलेले बोल्ट परत लावेल, आणि ते पुन्हा नीट आवळत नाहीत. निखिलला सांगू? कशाला? दिनेशलाच फोन केला. "हेडचे बोल्ट नवे लाव."

"साहेबांना विचारतो, मॅडम."

"विचार ना. हेडला बोल्ट किती असतात, तेवढंच विचार त्यांना."