बासष्टावा टेक

३ मार्च, मंगळवार
गेला! हेडफोन माइकच्या गळ्यात अडकवले, एक बॅग उचलली आणि गेला. दारातून म्हणाला, "तुला नवरा नकोच आहे. तुला टेक हवेत."

कारण काय, तर गोगलगाईंवरच्या ग्रंथाच्या ध्वनिमुद्रणात शेवटचे वाक्य मी त्याच्याकडून एकसष्ट वेळा वाचून घेतले, म्हणजे एकसष्ट टेक — 'गोगलगाईला घाई नसते.' बासष्टाव्याला साहेबांचा पारा चढला! एकदाही 'घाई' स्वच्छ उमटली नव्हती. आवाज नवऱ्याचा आहे म्हणून संपादिकेने कानांत बोळे घालायचे?

'माझं चुकलं' असे तो स्वतः म्हणेपर्यंत मी फोन करणार नाही.

५ मार्च, गुरुवार
फोन नाही. मीही केला नाही.

६ मार्च, शुक्रवार
नसेल म्हणत तर न म्हणो! म्हणवून घेण्याची विद्या माझ्याजवळ आहे.

लोकांना वाटते, संपादन म्हणजे कात्री चालवणे. अडाणी! खाली सगळे टेक — तो सोर्स. वर तयार होणारी पट्टी — ते डेस्टिनेशन. खाली दोन खुणा: इथून इथपर्यंत घे. वर खूण: इथे बसव. एक कळ दाबली की तुकडा जागी. सांधा ऐकू येता कामा नये. माझा आजवर कुणालाही ऐकू आलेला नाही.

'माझं' लगेच मिळाले. चौथ्या प्रकरणाआधी खेकसला होता — "माझं पाणी कुठंय?" 'चुकलं' मात्र अकरा तासांच्या वाचनात नाही! 'गोगलगाय सहसा वाट चुकत नाही' यातला 'चुक' घेऊन पुढे दुसरीकडचा 'लं' जोडून पाहिला. सांधा निर्दोष. पण स्वर निव्वळ माहितीपर. पश्चात्तापाचा मागमूस नाही. रद्द.

८ मार्च, रविवार
सासूबाईंचा आठवड्याचा फोन. "पोराला दे गं जरा."

सोडून गेला, असे सांगू? नाक कापून घेऊ? तयारी सकाळीच केली होती. तिसऱ्या प्रकरणातला 'हो'. 'घाई'तला 'घ' उडवून उरलेली 'आई'. फोन स्पीकरपुढे धरला.

"जेवलास का रे?"
"हो, आई."
"आणि तब्येत?"
इथे माझे बोट शेजारच्या कळेवर पडले.
"उत्तम. ओलावा पुरेसा आहे."

पलीकडे कुणीतरी खोकल्यासारखे वाटले. मग सासूबाई म्हणाल्या, "आज किती शहाण्यासारखा बोललास रे राजा!"

९ मार्च, सोमवार
सासूबाईंचा पुन्हा फोन. आज, सोमवारी!

"अगं, तो मंगळवारपासून माझ्याकडेच आहे. कालही शेजारीच बसला होता. स्वतःलाच ऐकून हसता हसता खाटेवरून खाली आला."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. "मग आई, तुम्ही त्या आवाजाशी बोलत का राहिलात?"

"तुझावाला बरा वाटला गं. उलट उत्तर देत नाही. आणि 'आई' काय गोड म्हणाला! खऱ्याने इतक्या वर्षांत कधी म्हटलं नाही."

म्हणजे सांधा ऐकू आला नाही! हे नोंदवून ठेवते.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याने आज कपाट मागितलंय. कपडे लावायला. म्हणतो, ती काही फोन करायची नाही. बघ बाई."

कपाट! बॅगेतून कपाटात!

दुपारभर पुन्हा 'चुकलं' शोधले. शेवटी मी काचेपलीकडून त्याला सूचना देते त्या माइकची पट्टी उघडली. मी काहीही पुसत नाही. तिथे 'चुकलं' होते. स्पष्ट, ठणठणीत, हवे तितके. "चुकलं. पुन्हा." "चुकलं. पुन्हा." शेवटच्या वाक्यापुरतेच एकसष्ट वेळा. सगळे माझ्या आवाजात.

त्याचा 'माझं' आणि माझा 'चुकलं' जोडून पाहिला. सांधा दगडासारखा ऐकू येतो.

मग माझ्याच आवाजातला 'माझं' शोधला. 'तुझं' शेकड्यांनी सापडले. 'माझं' एकही नाही.

१० मार्च, मंगळवार
फोन केला. न कापता, न जोडता म्हटले, "माझं चुकलं."

पलीकडून मग त्याचा आवाज, अगदी माझ्या चालीत — "चुकलं. पुन्हा."

पुन्हा म्हटले.