दोडक्याच्या मांडवाचे बांबू

बाबा, काल तुमच्या नातवानं न्हाणीघराच्या भिंतीत स्टीलचा दांडा बसवून घेतला, माझ्या गुडघ्यांसाठी. मी म्हटलं, "मले काय म्हातारी समजला का बे?" तो हसला. मला मात्र तुमचा तो वरवट बकाल गावचा कैदी आठवला, अन् हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. जेलवरची पाटी बदलली. जमादार तुम्हीच अन् नियमही तेच. हा एका पायाचा, भाजीपाला पिकवणारा माणूस. नांदुऱ्याच्या बाजारात त्यानं साडूला कुबडीनं झोडपलं, म्हणून कुबडी कोर्टात मुद्देमाल झाली अन् तो तुमच्याकडे आला. दुसरी काठी द्यावी तर जेलात काठी म्हणजे हत्यार. मग संडासला जायचं कसं? तुमच्या पाठीवर! आपलं घर जेलला लागूनच, मी अन् आई फाटकाच्या गजांतून बघायचो. वर बसून तो हुकूम सोडायचा, "जमादारसाहेब, डाव्या अंगानं घ्या, तिकडं चिखल हाये." एकदा तसेच निघालात अन् समोर तपासणीला आलेले मोठे साहेब! तुमचे दोन्ही हात मागे गुंतलेले. सलाम करावा तर कैदी पडतो, न करावा तर नोकरी जाते. तुम्ही नुसत्या टाचा जुळवल्या आणि सलाम पाठीवरच्यानं ठोकला. साहेबांनी तो घेतलासुद्धा! मग भानावर येऊन म्हणाले, "याला चालता येईल, पण कुणाला मारता येणार नाही, असं काहीतरी करा."

आम्ही पोट धरधरून हसलो. तुम्ही हसला नाहीत. चुलीपाशी बसून आईला म्हणालात, "तो पानी पिऊन नाई राह्यला. भाकरही अर्धीच खाते. माह्या पाठीवर बसा लागू नये म्हून. वरून मोठा पाटील बनते, अन् आतून लाजेनं मरते."

दुसऱ्या दिवशी आई देवळातून आली तर परसातला दोडक्याचा मांडव गायब! वेल फुलांसकट जमिनीवर. बांबू सगळे जेलात, बराकीच्या दारापासून थेट संडासच्या आतपर्यंत, कमरेच्या उंचीवर भिंतीला पक्के ठोकलेले. धरता येतील, उगारता येणार नाहीत. आई कडाडली, "कैद्याले आधार देला, अन् माह्या वेलाले काऊन आडवं पाडलं? आता तुमीच उभे रहा परसात, तुमच्यावरच चढवतो वेल!" मग आठवडाभर तुमच्या ताटात नुसतं पिठलं.

तो पहिल्यांदा एकटा निघाला, तेव्हा मदतीला धावलेल्या शिपायांवरच खेकसला म्हणे, "सरका बे, माणूस जाऊन राह्यला!" परत येऊन भिंतीला टेकला, धापा टाकत, आणि तुमच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं. हे सांगताना तुमचा पिठल्याचा घास हातातच राहिला होता. आईनं त्या पिठल्यावर तेलाची धार सोडली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? राहू दे उशीखाली. पण तुम्हालाच सांगते, पोराला नाही सांगितलं. कितीतरी दिवस मी संध्याकाळचा चहा सोडला होता. पित्त होतं, म्हणायची. पित्त कसलं बाबा! रात्री उठून न्हाणीघरात जायला सुनेला हाक मारावी लागू नये, म्हणून. आज दोन कप प्यायले.