कॉलरच्या आतली फुली

धाकटे,

हे पत्र तुला द्यायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. तू ओस्लोला निघालीस आणि माझ्या पोटात दुखतंय.

गेल्या आठवड्यात माझ्या शिलाई मशीनवर कापड ठेवून तू म्हणालीस, "ताई, तुझ्या भाच्यानं तिकीट पाठवलंय. तिकडे हाडं गोठतात म्हणे. कोट तूच शिव." मग बोटीत कधी बसणार, समुद्राकाठी कुठे फिरणार, सगळा बेत तासभर ऐकवलास. मी मान डोलावत राहिले, ताकास तूर लागू दिली नाही.

तुझी नोकरी बदलीची, म्हणून तो सहा वर्षं माझ्याकडे राहिला. कान ठणकला की माझ्या मांडीवर यायचा. आता बोलावणं आईला, आणि मावशीनं आईचा कोट शिवायचा.

रागाच्या भरात बाह्या माझ्याच मापाच्या कापून शिवल्या गेल्या. मग उसवून दोन बोटं कमी केल्या. कोट छान झालाय, उद्या घेऊन जा.

एकच गोष्ट तुला सांगणार नाही. शाळेत शर्टांची अदलाबदल व्हायची, म्हणून त्याच्या प्रत्येक कॉलरच्या आत मी लाल दोऱ्याची फुली घालायचे. तशीच या कोटाला घातलीय. तुला दिसली तरी कळणार नाही.

विमानतळावर तो तुलाच मिठी मारेल. मारू दे. घरी गेल्यावर तुझा कोट खुंटीला लावताना कॉलर त्याच्या हातात येईल.

तुझी,
ताई