भिंतीवरचे दोन गोल

आप्पा, डॉक्टरांची लाल गाडी परत आपल्या गॅरेजात आली आहे. तीच, दोन सीटांची, डोक्यावर टप नसलेली परदेशी गाडी. ती दारात उभी असली की अक्कलकोट रोडवरचे यंत्रमाग कामगार शिफ्ट सुटल्यावर घरी जायचं विसरायचे. एकवीस वर्षं ती बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. डॉक्टर मागच्या वर्षी गेले. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, गाडी टेम्पोतून माझ्या दारात उतरवली आणि म्हणाला, "काका, सगळं ओरिजिनल घाला. ते मागाचं काय काय लावलंय ते काढून टाका." मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

मागाचं म्हणजे तुमचं. तुम्ही फिटर होता ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या मागांच्या भंगारातून तुम्ही एक मोठा पत्र्याचा डबा भरून आणला होता. स्प्रिंगा, चामड्याचे पट्टे, सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या. बाकीचे फिटर हसले, आणि त्याच डब्यावर तुम्ही गॅरेज उभं केलंत. डॉक्टरांच्या गाडीचे भाग मिळायचे नाहीत, मिळाले तर महिनोन् महिने लागायचे. म्हणून तिच्या बॉनेटला मागाचा चामडी पट्टा, गिअरच्या दांड्याला कांडीची मूठ, आणि ब्रेकचं पेडल परत वर आणणारी स्प्रिंगही मागाचीच. डॉक्टर चिडवायचे, "मिस्त्री, एक दिवस माझी गाडी चादर विणायला बसेल." तुम्ही मान वर न करता म्हणायचा, "इणू द्या की. पळायला कुटं कमी पडती का?"

पण ब्रेकच्या रबराला तुमचा वेगळाच कायदा होता. सिलिंडरच्या आतला तो वाटीसारखा वायसर, अंगठ्याएवढा. पेडल दाबलं की तोच तेल पुढं ढकलतो. तो स्वस्तातला, दुसऱ्या गाडीचा, कुठलाही चालायचा, पण परीक्षा दिल्याशिवाय नाही. आधी कोरडा वायसर भिंतीला टेकवून त्याच्याभोवती पेन्सिलनं गोल काढायचा. मग तीन दिवस त्याला बशीत ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं. चौथ्या दिवशी पुसून पहिल्याशेजारी दुसरा गोल काढायचा. दुसरा केसभर जरी मोठा आला तरी वायसर गटारात. "तेलात फुगणारं रबर ऐन वक्ताला दगा देतंय," तुम्ही म्हणायचा. बशी घरातली, आईच्या सेटमधली. पाहुणे आले की आई मुद्दाम मोठ्यानं बोलायची, "आमच्यात कपाला बशी न्हाय, रबराला हाय."

एकवीस वर्षांपूर्वी एकदा डॉक्टरांच्या गाडीसाठी मी बाजारातून एक स्वस्त वायसर आणला होता. तुम्ही त्याचा वास घेतलात, बोटानं वाकवलात, नाक मुरडलंत, आणि म्हणालात, "बशीत टाक. मग बगू." मग मैंदर्गीहून आत्याचा निरोप आला आणि तुम्ही चार दिवस तिकडं गेलात. मी सव्वीस वर्षांचा होतो, माझं लग्न ठरत होतं, माढ्याला मुलगी बघायला जायचं होतं. माझ्या डोक्यात त्या मुलीशिवाय काही नव्हतं. वायसर पुडीतच राहिला. तुम्ही परत येणार त्या सकाळी मला तो फळीवर दिसला. तुम्ही हात कधी उचलला नाहीत. पण मागच्याच महिन्यात एक नट ढिला राहिला म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "तुज्या भरवशावर म्या सायकल बी देनार न्हाय." ते मला लई लागलं होतं. परत ते ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी भिंतीवर एक गोल काढला आणि लगेच, त्याच कोरड्या वायसरभोवती, त्याच्याशेजारी दुसरा. मग वायसर बशीतल्या तेलात बुचकळून फडक्यावर ठेवला. तुम्ही प्रवासातून आलात ते तोंडही न धुता भिंतीपाशी गेलात, चष्मा वर करून दोन्ही गोल बघितलेत, आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. "चांगलं रबर हुडकलंस की." दुपारी तो वायसर तुमच्यासमोर मी बसवला. गोल खोटा आहे एवढं एक वाक्य बोलायला माझ्याकडे अख्खी दुपार होती.

महिन्याभरात होटगी रोडच्या उतारावर डॉक्टरांचं पेडल तळाला गेलं आणि गाडी उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. ऑपरेशनं करणारा माणूस, पुढं फक्त नाडी बघत बसला. गाडी शेडमध्ये गेली आणि डॉक्टरीणबाईंनी किल्ली कपाटात ठेवली. गाडी उघडून बघू का, असं विचारायला तुम्हाला तोंड उरलं नव्हतं. मग तुम्ही भिंतीवरच तपास केलात. त्या दोन गोलांसमोर तुम्ही किती वेळ उभे होता ते मी सांगू शकत नाही, कारण मी मागच्या बाजूला जाऊन उगाच पाने-पकडी पुसत होतो. परत आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "रबर बरुबर हाय. मंजी माजी स्प्रिंगच अडाकली. पेडल पुरतं वर आलं नसनार." आणि मग हळू आवाजात, "माज्या हातानं डॉक्टरांचा हात ग्येला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो डबा भंगारवाल्याला दिलात. जड होता, एका बाजूनं मी उचलला. बशी तुम्ही स्वतः सोड्यानं घासून घरी नेलीत. आईनं ती कपाखाली ठेवली, पण तीत कुणी चहा ओतला नाही. त्यानंतर ब्रेकचं काम घेऊन कुणी आलं की तुम्ही म्हणायचा, "हितं होत न्हाय ते." तीन वर्षं तुम्ही लोकांना हेच सांगत राहिलात, आणि मी शेजारी उभा राहून ऐकत राहिलो. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून बोटं एकेक मिटून बघत होता. मला वाटलं, आता सांगावं. मी तुम्हाला पाणी पाजलं.

परवा मी डॉक्टरांच्या गाडीचा ब्रेक सिलिंडर उघडला. माझा वायसर आत होता. तो फुगून सिलिंडरला गच्च बसला होता, कड उलटी फिरलेली, ओल्या साबणाच्या वडीसारखा बोटांना चिकटला. तुमच्या स्प्रिंगवरची धूळ पुसली आणि पेडल दाबलं. ते झटकन वर आलं. मी दहा-पंधरा वेळा दाबलं. दर वेळी वर आलं. मग तिथंच गाडीखाली फरशीवर पडून मी रडलो, आप्पा. एवढा मोठा माणूस, कॉलेजात जाणाऱ्या पोरांचा बाप. भिंतीवरच्या त्या दोन गोलांवर मी आजवर चुना लावू दिलेला नाही. पोरांना वाटतं, आजोबांची आठवण म्हणून.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्ही असता तर मी ते लिहिलंच नसतं, एवढं मला माझं ठाऊक आहे. आज सकाळी डॉक्टरांच्या मुलाचा फोन आला होता. म्हणाला, "काका, तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं, कळलं का? बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मिस्त्रींची चूक असणं शक्यच नाही." तो फुगलेला वायसर समोर बाकावर फडक्यात होता. मी म्हणालो, "स्प्रिंग होती. मागाची." तो म्हणाला, "बरं. काढलीत ना ती?" मी म्हणालो, काढली.

काढलेली नाही, आप्पा. ती अजून चांगली आहे.